साथीच्या काळातील उपवास : दमास्कस व कैरो येथील राजाज्ञेच्या रोजांचा ऐतिहासिक अभ्यास (इ. स. १३४८ ते १४३८)

सारांश

इस्लाममधील उपवासाचा विचार बहुधा रमजान महिन्याच्या संदर्भात केला जातो. तथापि चौदाव्या व पंधराव्या शतकांत, प्लेगच्या साथीच्या वेळी, ममलूक राज्यातील शासनाने रमजानव्यतिरिक्त तीन दिवसांचा सार्वजनिक उपवास जाहीर केल्याची उदाहरणे तत्कालीन बखरींत आढळतात. प्रस्तुत निबंधात दमास्कस (१३४८) आणि कैरो (१४१९ व १४३०) येथील अशा तीन उपवासांचा परामर्श घेतला आहे. त्यांवर इब्न हजर अल्-अस्कलानी यांनी घेतलेला आक्षेप आणि १४३८ च्या रमजानमधील कैरोची घटना यांचाही विचार केला आहे. साथीच्या काळात मुस्लिम समाजात वाद झाला तो उपवास करावा की नाही याविषयी नव्हता. उपवास कोणाच्या आज्ञेने, कोठे जमून व कोणी करावा याविषयी तो होता, असे प्रतिपादन येथे केले आहे.

१. प्रस्तावना

साथीच्या रोगांचा इतिहास लिहिताना मृत्यूंचे आकडे, औषधोपचार आणि शासकीय उपाय यांकडे अभ्यासकांचे लक्ष प्रथम जाते. सामान्य माणसाने अशा संकटाला तोंड कसे दिले, हा प्रश्न मात्र बराच काळ दुय्यम राहिला. इस्लामी जगताच्या बाबतीत ही उणीव भरून काढण्याचे श्रेय मुख्यत्वे मायकेल डोल्स यांच्याकडे जाते. मध्यपूर्वेतील काळ्या मृत्यूवरील त्यांचा ग्रंथ १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि अरबी बखरी हे साथींच्या इतिहासाचे अत्यंत समृद्ध साधन आहे, ही गोष्ट त्यानंतर सर्वमान्य झाली.

या साधनांची समृद्धी आकस्मिक नाही. ममलूक राज्यात बेवारस संपत्ती राजकोशात जमा करण्यासाठी स्वतंत्र कचेरी होती आणि तिच्याकडे मृतांची नोंद होत असे. शहरातील जनाज्याच्या नमाजाच्या ठिकाणीही मृतांची गणना केली जाई. त्यामुळे आज किती माणसे मेली, काल किती मेली होती, याचा अंदाज तत्कालीन इतिहासकारांना घेता येत असे. हे आकडे नेहमीच विश्वसनीय आहेत असे नाही. पण मोजण्याची सवय होती, ही बाब प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. सामूहिक प्रार्थनेपूर्वी व प्रार्थनेनंतर मृत्यूंचे प्रमाण काय होते, हा प्रश्न विचारणे या सवयीमुळेच शक्य झाले.

२. धर्मविधीतील उपवास आणि आजार

ऐतिहासिक घटनांकडे वळण्यापूर्वी उपवासाच्या दोन प्रकारांतील भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे.

पहिला प्रकार रमजानच्या रोजांचा. प्रत्येक सज्ञान व सुदृढ मुसलमानावर ते बंधनकारक आहेत. कुराणाच्या दुसऱ्या अध्यायातील १८३ ते १८५ या आयतींत या उपवासाची आज्ञा आहे आणि तिच्या लगत सवलतही दिलेली आहे. आजारी व प्रवासी यांनी राहिलेले उपवास नंतरच्या दिवसांत भरून काढावेत. ज्यांना ते अतिशय कष्टाने झेपतात त्यांनी गरिबास अन्न द्यावे, असा तिचा आशय आहे. आज्ञा आणि सवलत एकाच ठिकाणी येणे अर्थपूर्ण आहे. सवलत ही नियमाची पळवाट ठरत नाही. ती नियमाचाच भाग आहे.

साथीच्या काळात मात्र एक सूक्ष्म प्रश्न उद्भवतो. ज्याला रोग झाला आहे तो आजारी, हे उघड आहे. परंतु ज्याला रोग झालेला नाही, केवळ होण्याची धास्ती आहे, त्याचे काय? विधिज्ञांचा सर्वसाधारण कल असा की, निव्वळ भीती हे उपवास सोडण्याचे कारण होऊ शकत नाही. भीतीला आधार हवा. हनफी पंथाच्या ग्रंथांत हा आधार तीन प्रकारचा सांगितला जातो : शरीरावर दिसणारे चिन्ह, पूर्वानुभव किंवा निष्णात व विश्वासू वैद्याचे मत. म्हणजे रमजानच्या उपवासाबाबतचा निर्णय अखेरीस एकेका व्यक्तीच्या देहापाशी येऊन थांबतो. शहरात साथ आहे एवढ्याने संपूर्ण शहराला सूट मिळत नाही आणि शहर उपवास करीत आहे एवढ्याने रुग्णावर उपवासाची सक्तीही होत नाही.

दुसरा प्रकार अवर्षणासारख्या संकटसमयी करावयाच्या उपवासाचा. पाऊस न पडल्यास ‘इस्तिस्का’ म्हणजे पर्जन्ययाचनेची नमाज अदा करण्याची प्रथा प्रेषितांच्या काळापासून आहे. शाफिई पंथाच्या विधीनुसार शासकाने प्रथम लोकांना तीन दिवस उपवास करावयास सांगावे, आपसांतील अन्याय मिटवावयास व दानधर्म करावयास सांगावे आणि चौथ्या दिवशी साध्या वस्त्रांत, नम्रपणे, गावाबाहेरील मोकळ्या मैदानात सर्वांसह जाऊन प्रार्थना करावी. शासकाने अशी आज्ञा केल्यावर तो उपवास बंधनकारक होतो, असेही काही शाफिई विधिज्ञांनी म्हटले आहे. या उपवासाचे केंद्र व्यक्ती नसून समुदाय आहे, आणि त्याची घोषणा पंचांग करीत नाही, राजसत्ता करते.

अवर्षणासाठी असलेला हा विधी प्लेगसाठी लागू करावा काय, हा या निबंधातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

३. दमास्कस, जुलै १३४८

इ. स. १३४८ च्या उन्हाळ्यात काळ्या मृत्यूची साथ सीरियात पसरली. त्या वेळी मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता पूर्वेकडील दीर्घ प्रवासाहून परतत असता दमास्कसमध्ये होता. त्याने पाहिलेल्या प्रसंगाचे वर्णन त्याच्या प्रवासवृत्तात आहे. दमास्कसचा नायब अर्गून शाह याने दवंडी पिटविली की लोकांनी तीन दिवस उपवास करावा आणि दिवसा बाजारात कोणीही अन्न शिजवू नये. बाजारासंबंधीच्या आज्ञेचे कारणही इब्न बतूता देतो : या शहरातील बहुतेक लोक बाजारात तयार झालेले अन्नच खात असत. म्हणजे चुली विझविणे हा केवळ प्रतीकात्मक उपाय नव्हता. शहराच्या अन्नव्यवहाराच्या मुळाशी जाणारी ती आज्ञा होती.

उपवासाचा तिसरा दिवस गुरुवार होता. त्या रात्री अमीर, सय्यद, काझी, विधिज्ञ व इतर सर्व थरांतील लोक उमय्या मशिदीत जमले आणि रात्रभर प्रार्थना चालली. शुक्रवारी पहाटेच्या नमाजानंतर सर्वजण हाती कुराण घेऊन, अमीर तर अनवाणी, शहराच्या दक्षिणेकडील ‘मस्जिद अल्-अक्दाम’ या स्थानाकडे पायी निघाले. ज्यू आपला तौरात ग्रंथ व ख्रिस्ती आपले शुभवर्तमान घेऊन बायकामुलांसह या मिरवणुकीत सामील झाले. जवळजवळ मध्यान्हापर्यंत करुणा भाकल्यावर लोक शहरात परतले व जुम्म्याची नमाज झाली.

हा वृत्तांत प्रवाशाने काही वर्षांनंतर स्मरणातून सांगितलेला आहे, हे खरे. पण दमास्कसमध्येच राहणारे इतिहासकार इब्न कसीर यांनी हीच घटना स्वतंत्रपणे नोंदविली आहे. हिजरी ७४९ च्या रबी उल्-आखिर महिन्याच्या २३ तारखेस, सोमवारी, दवंडी झाली व २७ तारखेस, शुक्रवारी, लोक बाहेर पडले, असे ते सांगतात. हा शुक्रवार म्हणजे २५ जुलै १३४८. सोमवारची दवंडी, मंगळवार ते गुरुवार उपवास व शुक्रवारी मिरवणूक हा क्रम दोन्ही साधनांत तंतोतंत जुळतो. इब्न कसीर यांच्या वर्णनात दोन तपशील अधिक आहेत. मिरवणुकीत ज्यू व ख्रिस्ती यांच्यासमवेत सामरी पंथाचे लोकही होते. आणि मशिदीतील ती रात्र लोकांनी रमजानमध्ये जागवितात तशी जागविली.

हा दुसरा तपशील विशेष लक्षणीय आहे. प्रत्यक्ष रमजान सुरू होण्यास अद्याप चार महिने होते. तरीही संकटाच्या प्रसंगी समाजाने ज्या आचारांचा आधार घेतला ते रमजानच्या परिचयाचे होते : दिवसाचा संयम, रात्रीचे जागरण, मशिदीतील सहवास. नवा विधी निर्माण करण्याची आवश्यकता भासली नाही. जुना विधी नव्या वेळी केला गेला.

याच साथीत युरोपमध्ये काय घडले, याच्याशी या प्रसंगाची तुलना उद्बोधक ठरते. फेब्रुवारी १३४९ मध्ये स्ट्रासबर्ग येथे विहिरींत विष कालविल्याच्या आरोपावरून ज्यूंना जाळण्यात आले. स्वतःला चाबकाचे फटके मारीत फिरणाऱ्या पंथीयांचे जथे गावोगाव हिंडू लागले आणि अखेरीस पोप सहावा क्लेमेंट यास त्याच वर्षी त्यांच्याविरुद्ध आज्ञापत्र काढावे लागले. ही तुलना करताना मध्ययुगीन दमास्कस हे धार्मिक समतेचे नंदनवन होते असे सूचित करण्याचा हेतू नाही. ममलूक राज्यात बिगरमुस्लिमांवर निर्बंध होते व वेळोवेळी ते कठोरही होत. परंतु जुलै १३४८ च्या त्या शुक्रवारी अपराधी शोधण्याऐवजी संपूर्ण शहराने आपणच अपराधी आहोत असे मानले, हे ऐतिहासिक तथ्य आहे.

४. कैरोतील रमजान, १३४८

त्याच वर्षाच्या अखेरीस साथीने कैरोत उग्र रूप धारण केले. हिजरी ७४९ चा रमजान २३ नोव्हेंबर १३४८ च्या सुमारास सुरू झाला, म्हणजे कैरोतील साथीच्या अत्यंत भीषण कालखंडात तो आला. इब्न बतूताच्या कानावर कैरोतील एका दिवसाच्या मृत्यूंचा आकडा २४,००० असा आला होता. ही ऐकीव व अतिशयोक्त संख्या आहे. परंतु लोकांच्या मनातील भयाचे माप म्हणून तिचे मोल आहे.

या रमजानविषयी इतिहासकार अल्-मक्रीझी यांनी दिलेली एक छोटी नोंद बोलकी आहे. अल्पवयीन सुलतान हसन हा साथीमुळे कैरोच्या उत्तरेस असलेल्या सिर्याकूस येथे जाऊन राहिला होता. किल्ल्यावर परतण्याचा त्याचा विचार होता. परंतु रमजानचे उपवास तेथेच राहून करावेत असा सल्ला त्याला देण्यात आला. ज्या भूमीत प्लेग आहे तेथे जाऊ नये व तेथून पळूही नये, ही हदीस सर्वांना ठाऊक होती. तरीही सुलतानाने रोजे शहराबाहेर केले व प्रजेने ते शहरात, प्रेतयात्रांच्या गर्दीत केले. उपवास एकच, पण तो करण्याची जागा सत्तेने ठरविली. दमास्कसचे अमीर अनवाणी चालले होते; कैरोचा दरबार मात्र दूर राहिला.

५. कैरो, मे १४१९ : सुलतानाचे लोकरी वस्त्र

काळ्या मृत्यूनंतर प्लेग ईजिप्तमधून नाहीसा झाला नाही. थोड्याथोड्या वर्षांच्या अंतराने तो परत येत राहिला. हिजरी ८२२ मधील साथीच्या वेळी सुलतान अल्-मुअय्यद शेख राज्य करीत होता. बाजारपेठ व सार्वजनिक नीतिमत्ता यांवर देखरेख ठेवणाऱ्या मुहतसिबाकरवी त्याने लोकांना तीन दिवस उपवास करण्याची आज्ञा दिली. त्यानंतर गुरुवारी, १५ रबी उल्-आखिर रोजी, म्हणजे ११ मे १४१९ या दिवशी, सारे शहर वाळवंटाकडे निघाले. सुलतान पांढऱ्या लोकरीच्या साध्या वस्त्रांत आला. सुलतान बरकूकच्या मकबऱ्याजवळ त्याने काहीही न अंथरता उघड्या जमिनीवर मस्तक टेकले. नंतर पशूंची कत्तल करून मांस व भाकरी गोरगरिबांत वाटण्यात आली.

दमास्कसच्या प्रसंगापेक्षा येथे एक पाऊल पुढे टाकलेले दिसते. पश्चात्तापाचा भार प्रजेवर टाकून शासक अलिप्त राहिला नाही. रेशीम व जरतारी वस्त्रे हे ज्या सत्तेचे चिन्ह, तिच्या प्रमुखाने लोकर पांघरली व धुळीत कपाळ टेकले. तीन दिवस उपाशी राहिलेल्या गरिबांच्या हाती चौथ्या दिवशी अन्न पडले, हेही दुर्लक्षिण्यासारखे नाही. उपवास आणि अन्नदान ही जोडी इस्लामी परंपरेत अतूट आहे आणि राजाज्ञेच्या उपवासातही ती टिकली. या प्रार्थनेनंतर साथ ओसरली, अशी लोकांची धारणा झाली. पुढे अशा मेळाव्यांचे समर्थन करणारे या प्रसंगाचा दाखला देऊ लागले.

६. कैरो, १४३० : एका पित्याची मोजणी

इब्न हजर अल्-अस्कलानी (१३७२–१४४९) हे शाफिई पंथाचे थोर विद्वान, सहीह बुखारीवरील ‘फत्ह अल्-बारी’ या सुप्रसिद्ध भाष्याचे कर्ते आणि कैरोचे मुख्य काझी. प्लेग हा त्यांच्या दृष्टीने केवळ ग्रंथातील विषय नव्हता. हिजरी ८१९ च्या साथीत त्यांच्या फातिमा व आलिया या दोन मुली दगावल्या. त्याच वर्षी त्यांनी प्लेगविषयक ग्रंथ लिहावयास घेतला. तो अपुरा राहिला. हिजरी ८३३ मध्ये पुन्हा साथ आली, तीत त्यांची थोरली कन्या झैन खातून गर्भवती असताना मरण पावली, आणि त्या वर्षी ‘बज्ल अल्-माऊन फी फज्ल अत्-ताऊन’ हा ग्रंथ पूर्ण झाला. तीन मुलींच्या मृत्यूंच्या दरम्यान लिहिलेला हा ग्रंथ आहे. तरीही त्याची शैली संयत व काटेकोर आहे.

या ग्रंथात त्यांनी सामूहिक प्रार्थनेच्या प्रश्नाची चर्चा केली आहे. प्रथम ते अल्-मन्बिजी या पूर्वसूरीचे मत देतात. त्यानुसार १३४८ मध्ये दमास्कसच्या लोकांनी मैदानात जाऊन प्रार्थना केल्यानंतर साथ वाढली; त्यापूर्वी ती सौम्य होती. मग ते स्वतःच्या काळातील अनुभव सांगतात. हिजरी ८३३ च्या रबी उल्-आखिर महिन्याच्या २७ तारखेस, म्हणजे जानेवारी १४३० मध्ये, कैरोत प्लेगचा प्रादुर्भाव झाला तेव्हा मृतांची संख्या चाळीसच्या आत होती. इस्तिस्काप्रमाणे तीन दिवसांच्या उपवासाची दवंडी देण्यात आली व जुमादा उल्-अव्वल महिन्याच्या ४ तारखेस लोक वाळवंटात गेले, काही वेळ प्रार्थना करून परतले. तो महिना संपण्यापूर्वीच रोजच्या मृतांची संख्या हजाराच्या वर गेली आणि नंतरही वाढत राहिली.

या नोंदीचा अर्थ लावताना सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. आजच्या वाचकास इब्न हजर यांच्यात गर्दीमुळे होणारा संसर्ग ओळखणारा वैद्यकशास्त्रज्ञ दिसण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. रोग आपल्या स्वतःच्या शक्तीने एकाकडून दुसऱ्याकडे जातो, हे त्यांना मान्य नव्हते. प्लेगचे कारण जिन्नांनी दिलेल्या अदृश्य टोचणीत असल्याचे सांगणाऱ्या हदीसवर त्यांचा विश्वास होता. त्यांचा आक्षेप वैद्यकीय नसून विधिशास्त्रीय होता. हिजरी १८ मध्ये, खलीफा उमर यांच्या काळात, पॅलेस्टाईनमधील अम्वास येथून प्लेग पसरला आणि त्यात प्रेषितांचे अनेक सहकारी मृत्यू पावले. त्या पिढीने प्लेगसाठी असा मेळावा केल्याचे आढळत नाही. प्रथा योग्य असती तर ती त्यांना सुचली नसती काय? म्हणून व्यक्तिशः प्रार्थना करण्यास त्यांची हरकत नाही. पण पर्जन्ययाचनेच्या धर्तीवर सर्वांनी जमणे हा १३४८ मध्ये दमास्कस येथे सुरू झालेला नवाचार आहे, असे त्यांचे मत होते. आकडे या मताच्या पुष्टीसाठी येतात. मताचा पाया ते नाहीत.

तरीही या आकड्यांना एक स्वतंत्र महत्त्व आहे. ईजिप्तमधील प्लेगच्या साथी सामान्यतः हिवाळ्याच्या उत्तरार्धात व वसंतात वाढत आणि उन्हाळ्याची प्रखर, कोरडी उष्णता सुरू झाली की ओसरत. हा रोग उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो व पिसवांचे जीवनचक्र हवामानावर अवलंबून असते, हे आज ज्ञात आहे. या पार्श्वभूमीवर दोन्ही तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. १४१९ ची प्रार्थना मे महिन्यात, म्हणजे साथ स्वाभाविकपणे उतरणीला लागण्याच्या सुमारास झाली. १४३० ची प्रार्थना जानेवारीत, साथ चढणीला लागत असताना झाली. पहिली फळाला आली असे लोकांना वाटले. दुसरी व्यर्थ गेली असे दिसले. दोन्ही वेळी उपवासाचा परिणाम म्हणून जे पाहिले गेले तो बहुधा ऋतूचा परिणाम होता, असे अनुमान करावयास जागा आहे. याच १४३० च्या साथीत पुढे महंमद नावाच्या चाळीस सय्यदांना अल्-अझहर मशिदीत एकत्र बसवून कुराणपठण करविण्यात आले आणि त्यानंतर साथ उतरू लागल्याचे श्रेय या पठणास मिळाले. हेही त्याच प्रकारचे उदाहरण मानता येईल.

तत्कालीन काही विद्वानांनी या अडचणीचे मर्म अचूक ओळखले होते. असा मेळावा न भरविणेच श्रेयस्कर, असे मत त्यांनी दिले. कारण दोन्ही बाजूंनी अनर्थाचा संभव होता. साथ हटली तर प्रार्थना करणाऱ्यांविषयी लोकांच्या मनात भलत्या कल्पना रुजतील. हटली नाही तर विद्वान, सत्पुरुष आणि प्रार्थना यांवरचा विश्वासच डळमळेल. श्रद्धेच्या रक्षणासाठी श्रद्धेच्या जाहीर परीक्षेला नकार देणारी ही भूमिका आहे. तिच्यात संशयवाद नाही. मानवी मनाचे सूक्ष्म ज्ञान आहे.

७. कैरो, रमजान १४३८ : प्रायश्चित्ताचा भार

राजाज्ञेच्या उपवासावर आक्षेप घेतला गेला, तरी पश्चात्तापाची कल्पना त्यामुळे मागे पडली नाही. तिने दुसरे वळण घेतले. हिजरी ८४१ चा रमजान फेब्रुवारी १४३८ च्या अखेरीस सुरू झाला व त्याच सुमारास कैरोत प्लेग आला. त्या महिन्यात किल्ल्यावर सहीह बुखारीच्या वाचनाची सांगता होती. सुलतान बार्सबाय याने उपस्थित काझी व विद्वानांस विचारले की, कोणत्या पापामुळे ईश्वर लोकांवर प्लेग पाठवितो? व्यभिचार वाढला की प्लेग येतो, स्त्रिया नटूनथटून रात्रंदिवस रस्त्यांतून हिंडतात, असे उत्तर मिळाले. परिणामी स्त्रियांना घराबाहेर पडण्यास बंदी करण्यात आली. दासी व वृद्ध स्त्रियांना निकडीच्या कामांसाठी मुभा देण्यात आली. परंतु ज्यांना बाहेर पडून उपजीविका करावी लागे त्यांचे हाल झाले आणि मातांना स्वतःच्या मुलांच्या प्रेतयात्रेत जाता येईना.

अल्-मक्रीझी हे स्वतः पूर्वी कैरोचे मुहतसिब होते. शहराच्या दैनंदिन व्यवहाराची त्यांना जवळून माहिती होती. या प्रकरणाची नोंद करताना त्यांनी राज्यकर्त्यांच्या अन्यायावर बोट ठेवले आहे. दरबारातील विद्वानांनी सुलतानाच्या जुलमांविषयी, प्रजेकडून उकळलेल्या द्रव्याविषयी चकार शब्द काढला नाही, हे त्यांना खटकले.

या घटनेची १३४८ व १४१९ च्या प्रसंगांशी तुलना केली असता फरक स्पष्ट होतो. सार्वजनिक उपवासाच्या विधीत अन्याय मिटविणे व दान देणे अंतर्भूत होते. अमीराला अनवाणी चालावे लागे, सुलतानाला धुळीत बसावे लागे. उपाशी पोट सर्वांना समान करीत होते. १४३८ मध्ये पाप एका वर्गाच्या नावे लिहिले गेले आणि प्रायश्चित्तही त्याच वर्गावर लादले गेले. रमजान चालूच होता, उपवासही चालूच होते. पण सामूहिक आत्मपरीक्षणाची जागा पहाऱ्याने घेतली.

८. उत्तरकालीन संदर्भ

आधुनिक काळात उपवास व मेळावा यांचे नियमन करणारी सत्ता बदलली. मुंबईतील प्लेगच्या पार्श्वभूमीवर ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग अधिनियम संमत झाला. त्या वर्षीचा रमजानही फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातच सुरू झाला होता. गर्दी, प्रवास व यात्रा यांविषयीचा निर्णय आता विधिज्ञांच्या चर्चेऐवजी शासकीय अधिसूचनेने होऊ लागला. मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीत महाराष्ट्र शासनाने हाच अधिनियम लागू केला.

२०२० चा रमजान महाराष्ट्रात २५ एप्रिल रोजी, टाळेबंदीत सुरू झाला. त्याच महिन्यात कैरोच्या अल्-अझहर संस्थेने वैद्यकीय तज्ज्ञांशी विचारविनिमय करून निर्वाळा दिला होता की, उपवासामुळे संसर्ग वाढतो असा शास्त्रीय पुरावा नाही. म्हणून सुदृढ व्यक्तींवरील बंधन कायम आहे व रुग्णांना नेहमीची सवलत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या १५ एप्रिल २०२० च्या मार्गदर्शनाचा आशयही याच्याशी सुसंगत होता. मात्र तरावीहची नमाज व इफ्तारचे मेळावे थांबविण्यात आले. मक्का व मदिना येथील मशिदींतही तरावीह संक्षिप्त स्वरूपात, सर्वसामान्य जनतेविना झाली. महाराष्ट्रात २०२१ च्या रमजानचा पहिला रोजा १४ एप्रिल रोजी होता आणि त्याच दिवशी राज्यात नव्याने कडक निर्बंध अमलात आले. घरातील उपवास चालू राहिला. मशिदीतील सहवास स्थगित झाला.

उपवास आणि मेळावा वेगळे करता येतात, हे इब्न हजर यांनी मांडलेले तत्त्व येथे निराळ्या कारणास्तव प्रत्यक्षात आले. त्यांचे कारण पूर्वपरंपरेचे होते. २०२० मधील कारण संसर्गाचे होते. दोहोंची गल्लत करू नये. पण दोन्ही प्रसंगी उपवासाचे अधिष्ठान व्यक्तीच्या देहात व मनात आहे, गर्दीत नाही, हे गृहीत समान आहे.

९. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

पहिला : साथीच्या काळात रमजानच्या उपवासाविषयी इस्लामी विधिशास्त्रात मूलभूत पेच निर्माण झाला नाही, कारण आजाऱ्यास सवलत हा मूळ आज्ञेचाच भाग होता आणि तिचा निर्णय व्यक्तिगणिक होत असे.

दुसरा : वाद निर्माण झाला तो राजाज्ञेने होणाऱ्या सामूहिक उपवासाविषयी. अवर्षणासाठीचा विधी प्लेगला लावणे हा १३४८ मधील दमास्कसचा उपक्रम होता. १४१९ मध्ये तो कैरोत यशस्वी झाल्यासारखा वाटला व १४३० मध्ये अयशस्वी. या दोन अनुभवांतील अंतर बऱ्याच अंशी ऋतुमानाने स्पष्ट होऊ शकते.

तिसरा : या उपवासाचे सामाजिक मूल्य त्याच्या फलश्रुतीवर अवलंबून नव्हते. दमास्कसची साथ त्या शुक्रवारी थांबली नाही. परंतु त्या दिवशी शहराने शेजाऱ्यावर आरोप न करता त्याच्यासह वाट चालली. याउलट १४३८ मध्ये कैरोने उपवासाच्याच महिन्यात आपल्यातील दुर्बलांना दोषी ठरविले. साथीच्या प्रसंगी एखादा समाज प्रायश्चित्त करतो की नाही, यापेक्षा ते कोणाच्या वाट्याला येते, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने अधिक आवर्जून विचारला पाहिजे. तीन मुली गमावलेला पिता मृतांची संख्या शांतपणे लिहून ठेवतो आणि माजी मुहतसिब राजदरबारातील मौनावर बोट ठेवतो, म्हणूनच हा प्रश्न विचारण्याची साधने आज आपल्या हाती आहेत.